डिपेंडन्सी इंजेक्शन आणि मेथीच्या दोनशे जुड्या

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहिणार.

खरं असं की मला वीट आला आहे. अनसिंग गावाचा, या घराचा, दारातल्या म्हशीचा आणि सर्वांत जास्त त्या वहीचा. वही सुचिताची. (सुचिता म्हणजे माझी बायको. पुढेमागे कुणी माझ्यावर अभ्यास केला तर सोय असावी म्हणून लिहून ठेवतो.) आमच्यासारखी भाजीपाला काढणारी चौदा घरं आहेत, त्यांचा गट ती चालवते. वाशिमच्या खानावळी, मेसवाले, आचारी तिला फोन करतात, ती वहीत लिहिते, सकाळी टेम्पो जातो. वहीला हळद लागलेली, पानांना भेदऱ्याचा (म्हणजे टोमॅटोचा) रस. हात लावला की साबणाने धुवावासा वाटतो. २०२५ साल आहे!

म्हणून मी ॲप बनवतोय. नाव ‘हिरवी जुडी’. दहा महिने झाले. नव्वद टक्के तयार आहे. (मार्चमध्येही नव्वद टक्केच होतं. याला सातत्य म्हणतात.)

आता तारीखही ठरली. वाशिमच्या एका मोठ्या होस्टेलच्या मेसशी सुचिताने बोलणी केली. १ डिसेंबरपासून आठ दिवस परीक्षा. मेसवाले ॲपवर ऑर्डर टाकणार, माल बिनचूक पोचला तर वर्षभर रोजची भाजी आमच्या चौदा घरांची. चुकला तर ते दुसरीकडे जाणार. सुचिता म्हणाली, मी तिथं सात चकरा मारल्या हायत, तुमी फक्त चालणारी वस्तू द्या. मी हसलो.

काल तिची कॉलेजातली मैत्रीण आली होती. सुकेशनी, कामरगावची. घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते. न विचारता माझा कोड पाहिला. म्हणाली, भाऊजी, तुमचा एक स्क्रीन सांगते वांगे चाळीस किलो हायत, दुसरा सांगते बारा, अन् तिसऱ्याले वांगे माईतच नाईत. हरेक स्क्रीन आपला आपला वेगळा साठा बनवून राह्यला. पयले डिपेंडन्सी इंजेक्शन शिका.

कामरगावच्या मुलीकडून हे ऐकावं लागलं. रात्री जेवण गेलं नाही. (दोनच भाकरी.)

४ नोव्हेंबर, मंगळवार

संकल्प: रोज पहाटे पाच ते आठ अभ्यास. कोर्स घेतला. हिंदीत, नऊ तास.

सकाळी ८.४०. उठलो.

सकाळी १०. कोर्सचा मास्तर प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतो. किळस येते. कानाला लावून ऐकायचं म्हणजे तो माझ्याच कानात खाकरतो.

दुपारी १२. समजलं! एका वाक्याची गोष्ट आहे: ज्याला जे लागतं ते त्याने स्वतः बनवत बसू नये, बाहेरून कुणीतरी बनवून त्याच्या हातात द्यावं. बस. एवढ्यासाठी नऊ तास? उरलेले आठ तास चाळीस मिनिटं पाहायची गरज नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तत्त्व फार खोल आहे. आयुष्यालाही लागू पडतं. उदाहरणार्थ चहा. मला चहा लागतो, पण मी तो बनवला तर मी चुलीला, पातेल्याला, साखरेच्या डब्याला बांधला जातो. माझी रचना बिघडते. चहा बाहेरून यावा. हे आईला समजावलं. आई (जिजाबाई, वय ५८, शिक्षण चौथी) म्हणाली, पेयाचा असन तर पे, नाई तर ठेव. तिला संकल्पना पोचली नाही, चहा मात्र पोचला.

बाबा (रंगराव) ऐकत होते. म्हणाले, बत्तीस वर्षं झाले आमी तुले बाहेरूनच पुरवून राह्यलो, याले इंग्रजी नाव हाय हे मले आजच समजलं.

अशा वातावरणात मी काम करतो.

पुण्याची नोकरी सोडून इथं आलो ते चुकलंच. (सोडली मीच. त्यांचं पत्र दोन दिवस आधी आलं, एवढंच.)

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारी साक्षगंध (म्हणजे साखरपुडा). जावं लागलं. धूर, माश्या, पत्रावळीवरून वाहणारं वरण. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे लोक राख झटकून खातात. मी सहाच खाल्ले.

आचारी ग्यानबा. आमच्या गटाचं जुनं गिऱ्हाईक. मी त्याच्याजवळ बसलो, कारण बाकी सगळे मला काय करून राह्यला आजकाल असं विचारत होते. ग्यानबाची पद्धत पाहण्यासारखी आहे. तो घरून झारासुद्धा आणत नाही. आठ दिवस आधी यादी देतो: तेल इतकं, डाळ इतकी, कढया इतक्या. घरवाल्याने सगळं आणून त्याच्या पुढ्यात ठेवायचं. तो फक्त रांधतो. म्हणजे हा माणूस चाळीस वर्षांपासून डिपेंडन्सी इंजेक्शन करतोय आणि त्याला पत्ता नाही! मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, सुई देत असान तर दुसऱ्याले द्या बाप्पा, मले भेव लागते.

एक खोट मात्र आहे. चूल पेटवण्याआधी तो तेलाचा पिपा उघडून नाक आत घालतो, डाळ दाताखाली फोडतो आणि विचारतो, हे कोनं आनलं? मी त्याला समजावलं की घेणाऱ्याने कुठून आलं हे विचारायचंच नसतं, तीच तर यातली गंमत आहे. तो म्हणाला, पंगत उठून गेली का शिव्या मलेच बसतेत, आननाऱ्याले नाई. आणि पुन्हा नाक घातलं.

किळसवाणं. त्या तेलात तळलेली भजी मी डोळे मिटून खाल्ली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मळ्यात रेंज नाही. फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहून हात वर केला तर येते. खऱ्या ऑर्डरी तपासायला रोज विहिरीवर उभा राहू? लोक काय म्हणतील?

पण कोर्सच्या धडा ६ मध्ये तोडगा आहे. (पुढचे धडे पाहतोय. सहज.) ॲपला ऑर्डर हवी, ती कुठून येते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे दोन पुरवठादार बनवायचे. एक खरा, इंटरनेटवरून ऑर्डर आणणारा. एक खोटा, मनच्या ऑर्डरी देणारा, सरावापुरता. कोणता जोडायचा हे एकाच जागी, एका ओळीत लिहायचं. बाकी ॲपला कळतही नाही!

मास्तर म्हणतो, चांगल्या रचनेची खूण हीच: एक काढून दुसरा बसवला तरी बाकी कुणालाही काही बदलावं लागत नाही. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. म्हशीच्या गोठ्याकडच्या भिंतीवर, कारण दुसरीवर ओल आहे.

खोटा पुरवठादार आजच बनवला. खोटं असलं तरी खऱ्यासारखं वाटलं पाहिजे, नाहीतर सराव कसला? म्हणून गिऱ्हाईक घातलं: शाही भोजनालय, पुसद नाका, वाशिम. मेथी दोनशे जुड्या, सांबार (म्हणजे कोथिंबीर) साठ जुड्या. फोन नंबरही घातला, माझ्या जुन्या पुण्याच्या फोनचा. बारकाव्यांत मी कुणाला ऐकत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस लोगो. मेथीच्या जुडीचा हिरवा कोणता असावा यावर विचार. सुचिता म्हणाली, मेथीले मेथीचाच हिरवा द्या ना. ही काय सूचना झाली?

२० नोव्हेंबर, गुरुवार

स्क्रीनवर फक्त लाल अक्षरं. मास्तरचं चालतं, माझं चालत नाही. तेच लिहिलंय, अक्षर न् अक्षर तेच. मास्तर खाकरून म्हणतो, इतना आसान है दोस्तो. मला त्याच्या तोंडावर पाणी मारावंसं वाटलं. लॅपटॉप आपला असल्यामुळे मारलं नाही.

दुपारी ४. चाललं! एक स्वल्पविराम राहिला होता. सगळ्या स्क्रीनवर वांगे चाळीस किलो. एकच साठा, सगळ्यांना वाटून. खोट्या पुरवठादाराकडून शाही भोजनालयाची ऑर्डरही टकाटक आली. सध्या खोटाच जोडून ठेवतो. एक तारखेआधी ओळ बदलायची आहे. विसरू नये म्हणून चिठ्ठी लिहून लॅपटॉपला चिकटवली: ‘ओळ बदलणे’.

शिस्त ही अशी असते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लॅपटॉपची अवस्था पाहून शिसारी आली. भाताची शितं, म्हशीचा केस, एक मेलेली माशी. अर्धा तास घासून पुसला. एक जुनी मळकी चिठ्ठी चिकटली होती, तीही खरवडून फेकली. आता आरशासारखा चकचकीत. स्वच्छ जागेत स्वच्छ विचार येतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सुचिता विचारत होती, खरी ऑर्डर टाकून पाह्यली का? सुकेशनीले एक टाकाले लावू का? मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही. ती म्हणाली, विश्वासाचं काय मधात, एक ऑर्डर टाकाची गोष्ट हाय. मग म्हणाली, पयले आठ दिवस वही बाजूले राहू देते.

इथं मी ठाम राहिलो. दोन काठांवर पाय ठेवणारा नदीत पडतो. वही पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. मेसवाल्यांनाही कळवलं की फोन करू नका, फोनवरच्या ऑर्डरी बंद, फक्त ॲप. सुचिता भाकरी थापायला उठून गेली. तिला पटलं असावं.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी २. चौदाही घरांत ॲप टाकून आलो. प्रत्येक घरी चहा. त्यातला एकही पिण्यासारखा नव्हता. चौदा कप.

दुपारी ४. सकाळपासून लाईन नाही. टॉवर बंद, रेंज शून्य. बाबा म्हणाले, झालं तुह्या ॲपचं. आणि तेवढ्यात ऑर्डर आली! रेंज नसताना! चौदाही फोनवर एकाच वेळी! इतकी भक्कम रचना मी केली आहे हे मलाही माहीत नव्हतं. बाबांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, गोठ्यात गेले.

ऑर्डर मोठी आहे. शाही भोजनालय, पुसद नाका. मेथी दोनशे जुड्या, सांबार साठ. सुचिता म्हणाली, हे कोन? मी तं नाव नाई आयकलं. मला मात्र नाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं. म्हणजे नावाजलेलं असणार. ॲपची कीर्ती पसरते आहे.

ती म्हणाली, अन् होस्टेलचं काहून नाई आलं? मी म्हटलं, मोठ्या संस्था उशिरा टाकतात, उद्या येईल.

ग्यानबा आला होता. म्हणाला, पुसद नाक्यावरची चूल न् चूल मले ठाऊक हाय, शाही-बिही तिथं कोनी नाई. पयले विचारा, हे कोनं धाडलं. याच्या नाकाचा मला कंटाळा आला आहे. नवीन उद्योग निघतात हे जुन्या लोकांना कळत नाही.

सुचिता म्हणाली, फोन लावून पाहते. रेंज नव्हती. मग ती चौदा घरी सांगायला निघाली. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाली, तुमच्या भरोशावर तोडाले सांगून राह्यली.

अभिमान वाटला.

१ डिसेंबर, सोमवार

पहाटे ५.३०. सगळे मेथीत. दहिवर इतकं की पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. चिखल. मी देखरेख केली. गटातल्या मंजूकाकूंना कालपासून ताप, तरी डोक्याला फडकं बांधून चाळीस जुड्या बांधल्या. बोटं हिरवीगार. म्हणाल्या, धीरजच्या ॲपचा पयला दिवस हाय, मी कशी झोपू?

सकाळी ७.३०. पुसद नाका. टेम्पोसोबत मी स्वतः. शाही भोजनालय दिसत नाही. पंक्चरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, शाही इथं मीच हावो, बोला. फालतू माणूस.

सकाळी ८.०५. नाक्याच्या चारही बाजू पाहिल्या. ॲप उघडलं तर शाहीची आणखी एक ऑर्डर! पुन्हा दोनशे जुड्या! म्हणजे गिऱ्हाईक आहे, ऑर्डर वाढवतोय, पण दुकान दाखवत नाही. वाशिमच्या लोकांचा हा स्वभावच.

सकाळी ८.३०. शाहीच्या नंबरवर फोन लावला. नेमका त्याच वेळी माझ्या पिशवीतला पुण्याचा जुना फोन वाजायला लागला. कामाच्या वेळी कोण तडफडतंय म्हणून न बघता कापला. शाहीनेही फोन कापला. किती उर्मट मालक! पुन्हा लावला. पिशवीतला पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

सकाळी ८.४०. तिसऱ्यांदा लावला आणि पिशवीतला उचलला. हॅलो म्हणालो. दोन्ही कानांत ऐकू आलं.

टेम्पोवाला माझ्याकडे पाहत होता.

सकाळी ९.१५. सुचिताचा फोन. होस्टेलची खरी ऑर्डर कालच दुपारी पडली होती: वांगे चाळीस किलो, भेदरे पंचवीस. आमच्या एकाही फोनवर दिसली नाही, कारण चौदाही फोनला मी खोटा पुरवठादार जोडून दिला होता. मेसवाल्याने नऊपर्यंत वाट पाहिली, फोन करायचा नाही असं मीच सांगितलेलं. पोरांना नुसतं वरण-भात वाढलं. सुचिता ओरडली नाही. फक्त विचारलं, शाही कोन हाय? मी म्हटलं, मी.

ती म्हणाली, बरं.

त्या ‘बरं’नंतर मला शरम वाटली. अगदी खरी. अर्धा तास.

२ डिसेंबर, मंगळवार

दोष कोणाचा याचा शांतपणे विचार केला. (१) मास्तरने ओळ बदलायची आठवण करून दिली नाही. (२) लॅपटॉप इतका घाण होऊ देणारं घर. (३) टॉवर.

मेथी अंगणात. ग्यानबाने साठ जुड्या एका भंडाऱ्यासाठी नेल्या. नेण्याआधी वास घेतला. बाकी पिवळी पडतेय, पाणी सुटलंय, वास घरभर. म्हशीनेही दुपारनंतर तोंड फिरवलं. ही म्हैस मला पहिल्यापासून आवडत नाही.

आज चहा बाहेरून आला नाही. दोनदा खोकलो. तरी नाही.

संध्याकाळी सुचिताने हात पुढे केला. मी पेटीची किल्ली दिली.

४ डिसेंबर, गुरुवार

सुचिता काल आपण होऊन चाळीस किलो वांगे घेऊन होस्टेलला गेली, मेसवाल्याच्या पुढ्यात ठेवले आणि मागितली एक संधी. त्याने सोमवारपासून पुन्हा आठ दिवस दिले. ही शेवटची, म्हणाला. हे मला आईकडून कळलं. माझ्याशी अजून बोलणं नाही.

सुकेशनी आली. लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली, बदलली. चहा निवायच्या आत. (तिला चहा मिळाला.) मग म्हणाली, भाऊजी, बाकी तुमची रचना चांगली जमली, एका ओळीवर काम भागलं. ऐकलं का, असं मी बाबांना म्हटलं. बाबा म्हणाले, व्हय, त्याच एका ओळीनं तं घात केला.

तिने आणखी एक केलं. खोटा पुरवठादार जोडलेला असला की प्रत्येक स्क्रीनवर आडवी लाल पट्टी येते: ही ऑर्डर खोटी आहे. इतकं ढोबळ! वापरणाऱ्याच्या बुद्धीचा हा अपमान आहे. सुचिताने तर नियमच केला की नवं गिऱ्हाईक आलं की आधी फोन करून विचारायचं, मगच तोडायचं. ग्यानबा ओसरीवर बसून मान डोलवत होता.

७ डिसेंबर, रविवार

गटाची बैठक आमच्या ओसरीवर. मला गोठ्याकडे म्हशीला पाणी पाजायला पाठवलं होतं, तरी ऐकू आलं. ॲपचं काम यापुढे सुकेशनीकडे. मंजूकाकू म्हणाल्या, पन धीरजले वाईट नाई वाटनार का? सुचिता म्हणाली, वाटू द्या. चौदा घराईचं पोट हाय, वाईट वाटनं मंग पाहू.

माझ्या बाजूने एकही मत पडलं नाही. आईही होती.

१६ डिसेंबर, मंगळवार

आठ दिवस पूर्ण. होस्टेलने वर्षभराचं पक्कं केलं. अंगणात पेढे. मलाही दिला एक. सुचिता बोलली: घ्या. पंधरा दिवसांनी पहिला शब्द.

मी बारकाईने निरीक्षण केलं. मला काढून सुकेशनीला बसवलं, तर बाकी काय बदललं? टेम्पो त्याच वेळी जातो. वांगे तेच. चौदा घरांत कुणीही विचारलं नाही की धीरज कुठं आहे. मंजूकाकूंना तर अजून वाटतं की ॲप मीच चालवतो आणि आता बरं चालवून राह्यला म्हणून त्यांनी पाठ थोपटली. एक काढला, दुसरी बसवली, कुणालाही काही बदलावं लागलं नाही. भिंतीवर लिहिलंय तेच. म्हणजे सिद्ध झालं की रचना उत्तम होती. हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, भाजी घे.

मलाही काम दिलं आहे. उद्यापासून पहाटे मेथीच्या ऐंशी जुड्या बांधायच्या. मी तयार आहे. तत्त्वाप्रमाणे विचारलं की सुतळी कोण देणार.

आई म्हणाली, सुतळी ज्याची त्यानंच आनाची असते.